खायचा नाही तर धरायचा कशाला? गळाच्या ‘धरसोडी’ची गोष्ट

सारंगखेड्याची यात्रा भरात होती. घोडेबाजाराच्या धुळीने नाकातोंडाची पार चाळण झाली, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच भाच्याला घेऊन तापीच्या काठावर जाऊन बसलो. ऑनलाइन मागवलेली काठी, नवंकोरं रीळ, डब्यात कणकेच्या गोळ्या. तासाभराने दीड-पावणेदोन किलोचा रोहू लागला. दमवून दमवून ओढला. वर घेतल्यावर भाच्याने फोटो काढले. पहिला हलला म्हणून दुसरा, दुसऱ्यात माझे डोळे मिटले म्हणून तिसरा. मग मोठ्या औदार्याने मी तो मासा पाण्यात सोडून दिला.

शेजारी जाळं झटकत बसलेले एक म्हातारे भोई हे सगळं बघत होते.

“सोडी दिना?”

“हो बाबा.”

“खावाना नही व्हता ते धरा कसाले?”

खायचा नव्हता तर धरलास कशाला? मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मोबाइलवर रोज असे व्हिडिओ दिसतात: कोणीतरी धरणावर जातो, भला मोठा कटला ओढतो, त्याची पापी घेतो आणि सोडतो. खाली कोणी ‘ग्रेट भावा’ म्हणतो, कोणी ‘मुक्या जिवाचा छळ’ म्हणतो. दोघांचंही थोडं खरं आहे. पण कोणाचं किती, हे ठरवायचं तर आधी पाण्याखाली काय घडतं ते पाहावं लागेल.

धरसोड म्हणजे काय?

साहेबी भाषेत याला ‘कॅच अँड रिलीज’ म्हणतात: गळाने मासा धरायचा आणि जिवंत परत सोडायचा. मराठीत याला रुळलेला शब्द नाही, म्हणून इथे मी ‘धरसोड’ म्हणतो. आपल्याकडे हा शब्द एका मतावर न टिकणाऱ्या माणसाला लावतात. या छंदावर टीका करणाऱ्यांना तो त्यामुळे जास्तच आवडेल.

सोडण्याची पद्धत मुळात दयेपोटी आलेली नाही. इंग्लंडमध्ये खाण्याच्या लायकीचे नसलेले नदीतले मासे परत टाकायची चाल जुनीच होती. अमेरिकेत मात्र कारण निव्वळ हिशेबाचं होतं. १९५२ मध्ये मिशिगन राज्याने काही पाण्यात धरलेले ट्राउट सोडून देण्याचा नियम केला, कारण दरवर्षी सरकारी खर्चाने मासे वाढवून नदीत टाकायचे आणि हौशी लोकांनी ते उचलून न्यायचे, हे परवडेना. एकच मासा दहा जणांनी धरला तर दहा जणांची हौस एका माशात भागते. लायब्ररीतल्या पुस्तकासारखं: वाचा, परत करा, पुढच्याला मिळू द्या.

फक्त पुस्तक परत करताना पानं फाटलेली नसावीत. सगळा वाद त्या फाटलेल्या पानांचा आहे.

गळ लागल्यावर माशाच्या अंगात काय होतं?

भुसावळ स्टेशन डोळ्यासमोर आणा. गाडी भलत्याच फलाटावर लागली आहे, दोन्ही हातात बॅगा आहेत आणि तुम्ही जिना चढून, पूल ओलांडून, जिना उतरून जीव तोडून पळता आहात. डब्याच्या दारात पोचलात की पाय लटपटतात, छातीचा भाता होतो, तोंडाला कोरड पडते. आता कल्पना करा, नेमक्या त्याच क्षणी कोणी तुमच्या तोंडावर उशी दाबली आणि वर म्हणालं, “जरा हसा, फोटो काढतोय.”

गळाला लागलेल्या माशाचं असंच होतं. सुटण्यासाठी तो ज्या स्नायूंनी झटके देतो, ते ऑक्सिजनची वाट न बघता साठवलेल्या इंधनावर चालतात. थोडा वेळ प्रचंड जोर मिळतो, पण मागे लॅक्टिक आम्ल साचतं आणि रक्ताचं सगळं रसायन बिघडतं. हे कर्ज फेडायला माशाला पुढे कित्येक तास लागतात. तुम्ही जितका वेळ ‘खेळवाल’ तितकं कर्ज मोठं.

नंतर येते हवा. आपल्याला हवेत श्वास घेता येतो म्हणून माशालाही तिथे थोडी तरी मिळत असेल असं वाटतं. पण माशाचे कल्ले म्हणजे शेकडो नाजूक पापुद्रे असतात आणि पाण्यामुळेच ते सुटे राहतात. रंगाचा कुंचला पाण्यात बुडवलात की केस मोकळे होतात आणि बाहेर काढलात की एकमेकांना चिकटून त्यांचं टोक होतं, तसंच कल्ल्यांचं होतं. चिकटलेल्या कल्ल्यातून श्वास जवळपास बंदच. म्हणजे ज्या क्षणी ऑक्सिजनची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी आपण नळ बंद करतो.

तिसरी गोष्ट माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराची. घरी मासे साफ करताना आपण त्याला नाक मुरडतो, पण तो थर म्हणजे माशाचं चिलखत आहे. बुरशी आणि जंतू त्यामुळे बाहेर राहतात. कोरड्या हाताने किंवा गमछ्याने मासा घट्ट धरला की ते चिलखत पुसलं जातं. नदीकाठच्या तापलेल्या वाळूत तो दोनदा फडफडला तर विचारायलाच नको.

आणि वजन. जळगावकडच्या माणसाला हे लगेच पटेल. केळीचा घड भरला की झाडाला टेकू द्यावा लागतो, नाही तर झाड कलंडतं. माशाचा टेकू म्हणजे पाणी. जन्मभर पाण्याने सगळीकडून तोललेलं शरीर आपण जबड्यात बोट घालून उभं टांगतो, तेव्हा आतल्या अवयवांना आणि मणक्याला न पेलणारा ताण येतो. मासा जितका मोठा तितकी इजा जास्त. फोटोत तीच पोझ सर्वांत झकास दिसते, हे दुर्दैव.

पोहत गेला म्हणजे वाचला का?

माझा रोहू शेपटी हलवत गेला होता. त्यामुळे मी निश्चिंत होतो. पण अपघातानंतर ‘मला काही झालं नाही’ म्हणत चालत घरी गेलेला माणूस रात्री आतल्या रक्तस्रावाने जातो, अशी उदाहरणं आपण ऐकलेली असतात. माशांतही सोडल्यानंतर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी मरण येऊ शकतं. तोवर धरणारा घरी पोचून फोटोला किती लाइक आले ते मोजत असतो.

१९९२ मध्ये कॅनडात फर्ग्युसन आणि टफ्ट्स या दोघांनी ट्राउट माशांवर केलेला प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यांनी मासे दमवले. नुसते दमवून पाण्यातच ठेवले त्यातले १२ टक्के मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरले त्यातले ३८ टक्के. आणि ६० सेकंद धरले त्यातले ७२ टक्के.

माझे तीन फोटो. मिनिटभर तरी गेलं असणारच.

हे आकडे उचलून थेट रोहूला चिकटवता येणार नाहीत. ते थंड पाण्यातले मासे होते, टाकीत मुद्दाम थकवलेले. रोहू-कटल्याचं कूळ कमी ऑक्सिजनमध्ये ट्राउटपेक्षा जास्त तग धरतं. पण घसरण कुठल्या दिशेने होते ते या प्रयोगातून स्पष्ट दिसतं. जगभरातल्या वेगवेगळ्या जातींवरच्या २७४ नोंदी एकत्र करून २००५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सोडलेल्या माशांतलं मरणाचं सरासरी प्रमाण १८ टक्के निघालं. मात्र सगळ्या नोंदी क्रमाने लावल्या तर मधोमध येणारी नोंद ११ टक्क्यांची होती. म्हणजे काही ठिकाणी जवळपास एकही मासा मेला नाही आणि काही ठिकाणी इतके मेले की सरासरी वर ओढली गेली. फरक पडला तो गळ कुठे रुतला, पाणी किती गरम होतं आणि मासा कसा हाताळला यावर.

आता साधा हिशेब करा. एक जण दोन मासे धरतो, घरी नेतो, रस्सा करतो आणि थांबतो. दुसरा दिवसभरात तीस धरतो आणि तीसही सोडतो. दहातला एक जरी मेला तरी दुसऱ्याने तीन मारले, तेही कोणाच्या ताटात न पडता. ‘मी एकही मारला नाही’ असं मात्र तोच सांगत फिरतो.

माशाला दुखतं का?

माशाची आठवण तीन सेकंदांची, हे आधी डोक्यातून काढून टाका. मासे जागा लक्षात ठेवतात, खाऊ घालण्याची वेळ लक्षात ठेवतात. शेततळ्यात मासे पाळणाऱ्या कोणालाही विचारा, खाद्याची बादली घेऊन माणूस काठावर आला की मासे कसे गोळा होतात ते तो सांगेल.

दुखण्याचा प्रश्न जास्त किचकट आहे. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू दाखवून दिले, आपल्या त्वचेत असतात तसेच. नंतर काही माशांच्या ओठात मधमाशीचं विष टोचलं, काहींना व्हिनेगरमधलं आम्ल. त्या माशांचा श्वास वाढला आणि बराच वेळ त्यांनी खाणं टाकलं. आम्ल टोचलेले काही तर तळाच्या खडीवर ओठ घासू लागले. एरवी नवी वस्तू दिसली की ट्राउट बिचकून दूर राहतात, पण प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा मनोरा टाकीत ठेवला तेव्हा हे मासे त्याच्या जवळून निर्धास्त फिरत राहिले. दाढ ठणकत असताना आपलं कशातच लक्ष नसतं, तसं. मॉर्फिन दिल्यावर यातलं बरंच कमी झालं.

सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. काहींचं म्हणणं असं की माणसाला वेदना ‘जाणवते’ ती मेंदूच्या बाहेरच्या थरात आणि माशाला तो थरच नाही. इजेला शरीर प्रतिसाद देतं, पण ‘मला दुखतंय’ असं वाटणारं कोणी आत नाही. यावर उलट उत्तर असं, की तो थर पक्ष्यांनाही नाही, आणि कोंबडीला दुखत नाही असं म्हणायला आज कोण धजावेल?

मला स्वतःला स्नेडनबाईंची बाजू जड वाटते. पण ज्यांना वाटत नाही त्यांनाही एक नाकारता येत नाही: थकवा आणि गुदमरणं रक्ताच्या चाचणीत मोजता येतं, आणि जखम डोळ्यांना दिसते. वेदनेचा वाद मिटायची वाट न बघताही तेवढ्यावर वागणं बदलता येतं.

वैशाखातली तापी

आपल्या भागापुरता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, आणि व्हिडिओवाले तो कधीच सांगत नाहीत. धरसोडीचे बहुतेक नियम थंड प्रदेशातल्या नद्यांवर तयार झाले. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बसस्टँडवरचा लोखंडी बाक जिथे टेकू देत नाही, तिथे हातनूर किंवा वाघूर धरणाच्या काठचं उथळ पाणी काय होत असेल?

पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळून राहतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. आणि गंमत म्हणजे, थंड रक्ताच्या माशाची ऑक्सिजनची गरज उन्हासोबत वाढते. उन्हाळ्यात पगार कापला जातो आणि खर्च दुप्पट होतो, असं समजा. अशा वेळी मासा कसाबसा महिनाअखेर गाठत असतो. त्यात आपण त्याला भुसावळच्या पुलावर पळवायचं.

‘मग पहाटे गारव्यात जाऊ’ हा नेहमीचा उपाय. वाहत्या पाण्यात तो चालतो. पण धरणाच्या साचलेल्या, पाणवनस्पतींनी भरलेल्या फुगवट्यात रात्रभर वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात, तयार करत नाहीत. त्यामुळे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो नेमका पहाटे. मरगळलेले मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड उघडमीट करताना दिसतात ते याचमुळे. तेव्हा गळ टाकणं म्हणजे दम्याच्या रुग्णाला शर्यतीत उतरवणं.

सारांश सरळ आहे. चैत्र-वैशाखात सोडण्यासाठी मासा धरू नये. खायचा असेल तर धरा, लागतील तेवढे धरा आणि उठा. हौस दिवाळीनंतर, पाणी थंड झाल्यावर भागवावी. पावसाळाही टाळलेला बरा: रोहू, कटला, मृगळ पुराच्या पाण्यावर अंडी घालतात. गाभोळीने फुगलेली मादी दमवून सोडली तर नुकसान एका माशाचं नसतं.

“मग जाळ्यातला मासा काय सुखाने मरतो?”

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो बिनतोड आहे. जाळ्यात अडकलेला मासा तासन् तास तडफडतो, टोपलीत गुदमरून मरतो. शुक्रवारच्या बाजारात मरळ टबात वळवळत असते, तिच्याबद्दल आपल्याला काही वाटत नाही. मग गळवाल्यालाच का धरायचं?

कारण माणसांना फरक त्रासाच्या प्रमाणात वाटत नाही, कारणात वाटतो. भोईबाबांचा प्रश्न तोच होता. खाण्यासाठी मारणं त्यांच्या जगात बसतं, कारण त्यावर घर चालतं. नुसतं खेळण्यासाठी दमवणं बसत नाही.

हा विचार खेडवळ समजू नका. जर्मनीच्या प्राणी संरक्षण कायद्यानुसार प्राण्याला इजा करायला सबळ कारण लागतं, आणि केवळ मजेसाठी धरून सोडणं हे सबळ कारण मानलं जात नाही. आकाराने लहान असलेला मासा सोडावाच लागतो. बाकीचा धरला असेल तर न्या आणि खा. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून सोडून देण्याच्या इराद्याने मासेमारीला जाणंच मना आहे. आपल्याकडचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही माशांना वगळत नाही, त्यात माणूस सोडून सगळे सजीव येतात. खाण्यासाठी मारण्याला त्यात सूट आहे, विनाकारण हाल न करण्याच्या अटीवर. हौसेसाठी दमवण्याबद्दल वेगळी सूट लिहिलेली नाही.

गंमत पाहा, तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थाच्या घाटावर दर्शनाला आलेली माणसं कणकेच्या गोळ्या माशांना टाकतात आणि पुण्य जोडतात. तीच कणीक, तोच मासा, थोडं पुढे मी बसतो. फरक गोळीच्या आत लपवलेल्या लोखंडाचा.

“पण याच लोकांनी नद्या वाचवल्या”

हेही खरं आहे. महाशीर हा आपल्या नद्यांचा राजा, खवले तळहाताएवढे. तापी-नर्मदेतला महाशीर शेजारच्या मध्य प्रदेशाने २०११ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर केला. दक्षिणेत कावेरीवर १९७२ मध्ये स्थापन झालेल्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या संस्थेने नदीचा पट्टा राखायला घेतला. सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांपैकीच काहींना पगारी राखणदार आणि वाटाडे केलं. बाहेरून येणारा हौशी माणूस एक महाशीर धरून सोडायला पैसे मोजायचा, म्हणजे जिवंत महाशीर मेलेल्यापेक्षा जास्त कमावून द्यायचा, हे गणित गावाला पटलं.

त्यात आणखी एक फायदा झाला, कोणी न ठरवता. तिथे येणारे लोक किती तास बसले आणि काय लागलं ते वहीत लिहीत. १९९८ ते २०१२ या काळातल्या अशा नोंदी संशोधकांनी तपासल्या: २३,६२० तासांची मासेमारी, ६,१६१ महाशीर. त्यातला सर्वांत मोठा ४६.८ किलोचा. दुसरी कुठलीही गणना नसलेल्या नदीचा एवढा मोठा हिशेब हौशी माणसांच्या वह्यांनी दिला.

पण त्याच वह्यांनी एक अप्रिय गोष्टही उघडी पाडली. माशांची संख्या वाढत होती, मात्र त्यांचं सरासरी वजन उतरत होतं. वाढत होता तो निळसर पंखांचा महाशीर. त्याची पिल्लं मोठ्या प्रमाणावर तयार झाली ती आपल्या लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात, आणि ती देशभरच्या पाण्यात सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला महाशीर मात्र विरळ होत गेला. २०१८ मध्ये त्याची नोंद जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. म्हणजे हेतू चांगला, पैसा खरा, राखण खरी, आणि तरीही राखायचा तो मासा हातून निसटत गेला. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचाही हिशेब ठेवावा लागतो, आणि इथे निदान तो ठेवलेला होता.

आपल्या तापीवर ना असा राखलेला पट्टा, ना वह्या. त्यामुळे कावेरीचं पुण्य आपण आपल्या खात्यात लिहू नये.

मासा कोणाचा?

हे मला फार उशिरा कळलं, म्हणून सांगतो. आपली धरणं, तलाव, बंधारे बहुतेक ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संस्था ठेक्याची रक्कम भरते, बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) विकत आणून सोडते आणि दोन पावसाळे वाट बघते. माझा तो रोहू कोणाच्या तरी बोटुकलीतून वाढलेला असण्याची दाट शक्यता आहे. मी त्याला सोडून दया दाखवली खरी, पण दुसऱ्याच्या मळ्यातलं केळं तोडून, चाचपून, परत झाडाला बांधण्यासारखं ते होतं. दोन दिवसांनी तो पोट वर करून तरंगला असेल तर तोटा त्यांचा. आधी संस्थेला विचारावं, परवाना किंवा पावती असेल ती घ्यावी. बहुतेक वेळा लोक नाही म्हणत नाहीत, फक्त विचारलेलं त्यांना आवडतं.

शिरपूरकडच्या अनेर धरणासारखी अभयारण्यं वेगळी. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय गळ काढूच नये.

आणि सगळेच मासे सोडायचे नसतात. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये आपल्या देशात आणलेली. आफ्रिकन मांगूर तर असा खादाड की त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. हे गळाला लागले आणि तुम्ही भूतदयेने परत सोडले, तर ती दया स्थानिक माशांच्या पिल्लांच्या जिवावर केलेली असते. चिलापी तव्यावर उत्तम लागते. खुशाल न्या.

सोडायचाच असेल तर

सगळं वाचूनही ज्यांचा हात काठीकडे जातो त्यांच्यासाठी (त्यात मीही आलो) चार गोष्टी. गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो, तो पकडीने दाबून सपाट करा. गळ लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो आणि जखम लहान राहते. मासा निसटण्याची शक्यता वाढते, पण तुम्हाला सोडायचाच आहे ना? आतल्या बाजूला वळलेलं टोक असलेला गोल गळ मिळाला तर उत्तम. तो सहसा ओठाच्या कोपऱ्यात अडकतो, घशात जात नाही. घशात गेलाच तर उपटू नका, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) जवळून कापून टाका. ओढाताण करून काढलेल्या गळापेक्षा आत राहिलेला गळ माशाला बहुधा जास्त सोसतो.

तंगूस जाड वापरा, म्हणजे मासा लवकर काठाशी येतो. बारीक दोरीवर अर्धा तास खेळवण्यात मर्दुमकी समजणारे लोक आहेत. त्यांना भुसावळचा पूल दाखवा. हात आधी ओले करा. मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. फोटो हवाच असेल तर मोबाइल आधी तयार ठेवा, मासा आडवा, दोन्ही हातांच्या आधाराने, वीतभर वर, आणि तुमचा श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की मासा परत पाण्यात.

सोडण्याआधी दोन साध्या परीक्षा घेता येतात. कावेरीतल्या महाशीरवर संशोधकांनी अशाच चाचण्या घेतल्या होत्या, आणि जास्त वेळ ओढलेले मासे त्यात मागे पडले. पाण्यातच शेपटीला हात लावा: पळायचा झटका देतो का? हळूच आडवा करा: स्वतःहून सरळ होतो का? दोन्हीला होकार असेल तर सोडा. नसेल तर तोंड प्रवाहाकडे करून आधार देत थांबा. आणि तरीही सरळ होत नसेल, कल्ल्यातून रक्त येत असेल, तर संस्थेला सांगून घरी न्या. मरायला टेकलेला मासा पाण्यात ढकलून हात झटकणं हे सोडणं नव्हे.

पुढच्या यात्रेला पुन्हा त्याच काठावर गेलो. या वेळी आधी संस्थेच्या माणसाला विचारून. भोईबाबा होतेच. किलोभराचा रोहू लागला, पाण्याबाहेर काढलाच नाही, हात ओले, काटा दाबलेला, भाच्याला मोबाइल खिशातच ठेवायला लावला. शेपटीला बोट लावलं तर त्याने तोंडावर पाणी उडवून असा काही सूर मारला की मी मागेच बसलो. बाबांकडे मोठ्या आशेने पाहिलं. आता तरी कौतुक होईल.

त्यांनी जाळं खांद्यावर घेतलं.

“आते सापडना ते सोडजो नको. माले दिजो.”

त्यानंतर दोन तास बसलो. काही लागलं नाही.